शहात्तर वर्षांच्या आईला कुणकेश्वरच्या यात्रेला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की आईंचं माहेर देवगडजवळचं मिठबाव, लहानपणी त्या दरवर्षी जवळच्याच, समुद्रकाठच्या कुणकेश्वर महादेवाच्या यात्रेला जायच्या. आता वय शहात्तर, गुडघे दुखतात, आणि यंदा महाशिवरात्रीला न्याच म्हणून मागे लागल्यात. डोंबिवलीहून त्यांना घेऊन जावं, की ‘नंतर कधीतरी जाऊ’ म्हणून समजूत घालावी?

मी देवगड तालुक्यातला. समजूत घालू नका, न्या. फक्त दर्शन आणि यात्रा या दोन गोष्टी एकाच दिवसात कोंबू नका. बहुतेक लोक शिवरात्रीच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरतात, थेट रांगेत उभे राहतात आणि संध्याकाळी माणूस पार गळून गेलेलं असतं. पिंडीसमोर दोन क्षण मिळतात, तेही मागच्याचं कोपर बरगडीत घेऊन. तुमच्या आईंना हे झेपणार नाही. तिशीतल्यालाही झेपत नाही, तो फक्त बोलत नाही.

तेव्हा माघ वद्य द्वादशीला, निदान शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी गावात पोहोचा. मिठबावला माहेरचं घर उघडं असेल तर राहायचा प्रश्नच मिटला. नसेल तर कुणकेश्वरला देवस्थानचं भक्तनिवास आहे, पण यात्रेच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका. देवगड, जामसंडे, मिठबाव या बाजूला घरगुती खोली आधीच ठरवून ठेवा.

त्याच दुपारी तीन-साडेतीनला देवळात जा. ही वेळ मी ओहोटीवरून सांगतोय. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून होतो: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनच्या आसपास पाणी पुरतं सुकलेलं. थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे. देवळालगतच्या खडकांवर काही लहान पिंडी आहेत, त्या ओहोटीलाच उघड्या पडतात. खडक शेवाळाने निसरडे असतात, त्यामुळे आईंना तिथे उतरवू नका. वरूनच दाखवा, त्यांना त्या कुठे आहेत ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. कुणकेश्वरला दक्षिण कोकणची काशी म्हणतात आणि काशीला १०८ तर इथे एक कमी, १०७ लिंगं, असं जुनी माणसं सांगतात. मोजायला मात्र कोणी जात नाही.

मग देवळात. यात्रेच्या आदल्या एक-दोन दिवसांत मांडव उभे राहत असतात, दुकानांचे बांबू पुरत असतात, पण रांग अजून लागलेली नसते. अभिषेक करायचा असेल तर याच दिवशी करा. फरशी दुपारभर तापते, आईंच्या पायात मोजे असू द्या. तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना देवळाजवळची थडग्यासारखी बांधलेली समाधी दाखवा. आख्यायिका अशी, की एक परदेशी मुसलमान व्यापारी वादळात सापडला, किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, आणि वाचलो तर देऊळ बांधीन असं तो बोलला. बोलल्याप्रमाणे बांधलंही. पण त्यामुळे आपल्या लोकांत परत जायचं तोंड राहिलं नाही, म्हणून त्याने शिखरावरून उडी घेतली. खरंखोटं महादेवाला ठाऊक.

शिवरात्रीच्या दिवशी घरी बसा. खरंच सांगतो. उपास करा, माहेरची माणसं भेटवा. आईंना राहवलंच नाही तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कळस दिसेल एवढ्या अंतरापर्यंत न्या. कळसाला हात जोडले की दर्शन झालं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. त्यात कमीपणा नाही.

खरी यात्रा पाहायची ती अमावास्येच्या पहाटे. काही वर्षी शिवरात्र आणि अमावास्या यांच्यामध्ये एक दिवस जातो, तेवढं पंचांगात बघून घ्या. या दिवशी गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला उतरतात. पालखी, तरंग (म्हणजे देवाचे वस्त्रं नेसवलेले खांब, माणसं ते घेऊन चालतात), अब्दागिरी, ढोल, पुढे गावचे मानकरी. कुठल्या गावचा देव यंदा येणार हे तिथल्या देवाच्या कौलावर, म्हणजे देवाला विचारून मिळणाऱ्या होकारावर ठरतं, त्यामुळे दरवर्षी स्वाऱ्या कमीजास्त असतात. पाऊणपटीचा तोच हिशेब इथे लावा: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी. अख्खी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी असते, लाखाची गर्दीही त्यात पसरते. आईंसाठी घडीची खुर्ची न्या, पुळणीच्या वरच्या अंगाला, जिथे वाळू घट्ट आहे तिथे मांडा. तरंगांच्या वाटेत मात्र बसू नका, ते घेतलेल्यांच्या अंगात वारं आलेलं असलं की ते वाट बघून चालत नाहीत. पालखी खांद्यावर घेऊन माणसं कमरेएवढ्या पाण्यात जातात, लाट आली की ढोल क्षणभर थांबतो आणि पुन्हा दुप्पट जोराने वाजायला लागतो. तुमच्या आईंना हेच हवं असणार, असा माझा अंदाज आहे. एकदा विचारून बघा.

ऊन चढायच्या आत परत फिरा. निघताना खाजं (जत्रेतला गुळात घोळवलेला गोड खाऊ) आणि कलिंगड घ्यायला विसरू नका. आल्याचं खाजं घ्या, नुसतं गुळाचं नको.

गाडीचं सांगतो. कोकणकन्या, तुतारी, मांडवी यांपैकी मिळेल ती कणकवलीपर्यंत. तुतारी नांदगावलाही थांबते, तिथून देवगड रस्ता सरळ लागतो. पण नांदगावला वाहन मिळेलच असं नाही, म्हणून म्हातारं माणूस बरोबर असताना कणकवलीच बरी. तिथून गाडी करून दीड-दोन तास धरा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा द्वादशीपासून मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा. आईंचं तिकीट एकटीचं, वेगळं काढा आणि ज्येष्ठ नागरिकांचा कोटा निवडा. तुम्ही स्वतः त्या कोट्याच्या वयात बसत नसाल आणि तुमच्याबरोबर एकाच तिकिटावर घातलंत, तर खालच्या बर्थचा तो कोटा लागू होत नाही. आणखी एक अडचण मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची. भराडी देवीची जत्रा याच हंगामात येते, पण तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल मिळाल्यावर जाहीर होते. दोन्ही जवळ आल्या तर कोकण रेल्वेत उभं राहायला जागा मिळत नाही. तारीख जाहीर झाली की जादा गाड्या सुटतात, त्यांवर लक्ष ठेवा.

यात्रेत खाजगी गाड्या बऱ्याच अलीकडे अडवतात. मिठबावहून कातवणमार्गे येणार असाल तर स्थानिक रिक्षावाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कुठपर्यंत सोडतात आणि कुठून आत शिरता येतं, हे त्याला पोलिसांइतकंच माहीत असतं. परतीचं तिकीट अमावास्येच्या रात्रीचं काढू नका, दुसऱ्या दिवसाचं काढा. त्या संध्याकाळी देवगडपासून नांदगावपर्यंतचा रस्ता नुसता गाड्यांनी तुंबलेला असतो.