सातचा मेसेज साडेबाराला

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रासाठी मी लाराव्हेलमध्ये (वेब ॲप बनवायच्या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये) छोटं ॲप केलंय. उत्पादकांना आदल्या दिवशीच्या दुधाचा हिशेब सकाळी ७ वाजता मेसेजने जायला हवा. जातो दुपारी साडेबाराला, तोही दोनदा! काय चुकतंय?

उत्तर : साडेबारा म्हटल्याबरोबर चोर सापडला. लाराव्हेलचं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्याचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे जेवणाची वेळ. कोडमध्ये मेसेज पाठवायच्या कामाच्या ओळीलाच ‘टाइमझोन’ जोडून ‘एशिया/कोलकाता’ लिहा. अख्ख्या ॲपचं घड्याळ मात्र बदलू नका. जुन्या नोंदींच्या वेळांचा घोळ होतो, मी एकदा निस्तरलाय. मग ‘शेड्यूल:लिस्ट’ ही कमांड चालवून पुढची वेळ बघून घ्या.

आता दोनदाचं. सर्व्हरवरचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, दर मिनिटाला फक्त लाराव्हेलच्या ‘शेड्यूल:रन’ कमांडला उठवतो, आत्ता कुठलं काम करायचं ते लाराव्हेल ठरवतं. त्यामुळे क्रॉनमध्ये ओळ एकच हवी. पण क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी, प्रत्येक यूजरचा वेगळा! माझ्याकडे एक ओळ रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य यूजरच्या) नावावर होती, दुसरी माझ्या. महिनाभर पावत्या दुहेरी जात होत्या आणि मी आपला कोड तपासत बसलेलो. दोन्हीकडून ‘क्रॉनटॅब -एल’ करून यादी बघा, रूटमधली ओळ काढा.

कामाच्या ओळीला लाराव्हेलचं ‘विदाउटओव्हरलॅपिंग’ लावून हे सुटणार नाही. पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये, एवढ्यापुरतंच ते कुलूप. शिवाय मध्येच सर्व्हर बसला, तर ते २४ तास लागलेलंच राहू शकतं. तेव्हा ‘शेड्यूल:क्लिअर-कॅशे’ने उघडायचं.