सव्वादोन किलोची 200-500 मिलिमीटरची लेन्स घेऊन क्रिकेटचे फोटो काढताना पाचव्या ओव्हरलाच हात भरून येतो. ट्रायपॉड घ्यावा की लेन्सच विकून टाकावी?

विकू नका. आणि ट्रायपॉडही घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या क्लबच्या मॅचेस टिपायला निकॉनची 200-500 एफ/5.6 सेकंडहँड घेतली, बॉडी (नुसता कॅमेरा) डी7500 आहे, शटर सेकंदाच्या 1/500 ला ठेवता, आणि दोन रविवार घासूनही चारशे फोटोंत धड दहा निघाले नाहीत. हीच लेन्स मी नऊ वर्षं वापरतोय. पोट नोकरीवर चालतं, रविवार मुंबईच्या मैदानांवर जातो. सुरुवातीला माझीही हीच गत होती. पहिल्या महिन्यात तर डाव्या खांद्याला मलम लावून झोपायचो आणि बायको विचारायची, फोटो काढायला गेला होतास की गोण्या उचलायला?

आधी वजनाचं बघू. लेन्स कॉलरसकट (स्टँडवर बसवायला लेन्सभोवती असते ती पाय असलेली कडी) 2300 ग्रॅम, बॉडी बॅटरी-कार्ड धरून 720. म्हणजे तीन किलो. मंडईतून आपण त्याहून जास्त भाजी आणतो, पण भाजीची पिशवी कोणी हात समोर लांब करून डोळ्यांच्या उंचीवर धरत नाही. त्यात ही लेन्स झूम केली की पुढचं नळकांडं बाहेर येतं, म्हणजे 500 ला वजन आणखी पुढे सरकतं आणि मनगटाला ओढ बसते. बाया कमरेवर कळशी घेतात तेव्हा ती हाताने उचललेली नसते, कमरेवर बसवलेली असते. हात फक्त सावरायला. लेन्सचंही तेच करायचंय.

त्यासाठी मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. कॉलरच्या पायाला थेट स्क्रू करा, मध्ये बॉल हेड (सगळ्या दिशांना फिरणारा सांधा) नको. ते सैल केलं की लेन्स मान टाकते आणि आवळलं की हलत नाही. एका दिशेत झुकणारं साधं टिल्ट हेड चालेल, नसलं तरी अडत नाही. कॉलरचा स्क्रू किंचित सैल ठेवा, म्हणजे आडव्याचा उभा फोटो करताना कॅमेरा जागच्या जागी फिरतो. मोनोपॉडचं टोक पायांच्या थोडं पुढे, दोन पाय फाकलेले, डावा तळहात लेन्सच्या खाली पुढच्या बाजूला, कोपर बरगडीला टेकलेलं. वजन जमिनीत जातं, तुमच्याकडे फक्त दिशा उरते. एक सूचना: मोनोपॉडची लॉकं सकाळी एकदा आवळून बघा. माझं एक लॉक अर्धवट होतं आणि अख्खी ओव्हर मी नकळत हळूहळू वाकत होतो. फोटोंत प्रत्येक बॉलला बॅट्समन थोडा थोडा वर जात गेलाय.

ट्रायपॉड का नको? बाउंड्रीवर तीन पाय पसरून बसलात की फिल्डर अडखळणार, आणि बॉल तुमच्याकडे आला तर तुम्हाला उठून पळता येणार नाही. मोनोपॉड हातातच असतो, उचलायचा आणि बाजूला व्हायचं. बॉल येताना व्ह्यूफाइंडरमधून बघत राहू नका. त्यात तो किती जवळ आलाय याचा अंदाज येत नाही.

पण मोनोपॉड येईपर्यंतही तुमचं निम्मं दुखणं जाईल अशी एक गोष्ट आहे. तुम्ही बहुतेक पूर्ण ओव्हर लेन्स डोळ्याला लावून बसता. नवीन असताना सगळेच बसतात, काहीतरी सुटेल या भीतीने. जरा मोजा: बॉलर रन-अपला निघाल्यापासून बॉल मरेपर्यंत फार तर दहा सेकंद. सहा बॉलचा एक मिनिट. उरलेला वेळ तो मार्ककडे चालतोय, कॅप्टन फिल्ड लावतोय, विकेटकीपर ग्लोव्ह्ज आपटतोय. तेवढा वेळ लेन्स मांडीवर. बॉलर वळला की उचलायची. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा. उजवा व्ह्यूफाइंडरमध्ये, डावा मैदानावर. पहिले दोन-तीन रविवार डोकं गरगरतं, मग डाव्या डोळ्याला रन-आउटचा गोंधळ आधी कळायला लागतो.

आता हललेले फोटो. यात हाताचा दोष तुम्हाला वाटतो तेवढा नाही. ताशी 120 किलोमीटरचा बॉल सेकंदाला 33 मीटर जातो. 1/500 ला शटर उघडं असेपर्यंत तो साडेसहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळपास स्वतःच्याच रुंदीएवढा. बॅटचं टोकही तसंच पळतं. तुम्ही दगडासारखे स्थिर असलात तरी ते पुसट येणारच. 1/1600 ला या, बॉलचं सरकणं दोन सेंटिमीटरवर येतं. एफ/5.6 (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं) कायम, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो. सकाळच्या कडक उन्हात तो 200-400 वर राहतो, ढग आले की हजाराच्या पुढे जातो, जाऊ द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही. लेन्सवर व्हीआरला (हाताची थरथर सावरणारी सोय) नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन मोड आहेत, स्पोर्ट लावा. एवढ्या शटरला फोटोसाठी व्हीआरची फारशी गरज नसते, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत राहतं आणि पळणाऱ्याबरोबर लेन्स फिरवताना झटके बसत नाहीत. शेजारीच फोकसची मर्यादा ठरवणारा स्विच आहे, तो 6 मीटर ते अनंत यावर ठेवा. नाहीतर समोरून कोणी चहावाला गेला की फोकस त्याच्या किटलीकडे धावतो आणि परत यायला वेळ लावतो.

डी7500 सेकंदाला 8 फ्रेम काढतो, म्हणून बटण दाबून ठेवलं की बॅटला बॉल लागतानाचा फोटो मिळेलच, असा एक भ्रम असतो. दोन फ्रेमच्या मध्ये बॉल चार मीटर गेलेला असतो. एका फ्रेममध्ये तो बॅटच्या अलीकडे, पुढच्यात पलीकडे. तेव्हा बॅट खाली यायला लागली की दाबायचं. ते मनगटात बसायला एक सीझन जातो.

आणि आता माझा आवडता गुन्हा, जो तुम्हीही करत असणार. 500 आहे म्हणून 500 वरच राहायचं.

एका मित्राच्या क्लबची मॅच होती. त्यांच्या कोवळ्या लेगस्पिनरने दोन बॉलवर दोन विकेट काढल्या. तिसऱ्याच्या आधी सगळी फिल्ड बॅटभोवती गोळा. मी ऐटीत 500 ला गेलो, म्हटलं बॅट्समनचे डोळेच पकडू. गुगली. ऑफ स्टंप उडाला. माझ्याकडे काय आलं? पॅडच्या वरून सुरू होणारा आणि हेल्मेटच्या जाळीपाशी संपणारा एक माणूस, मान मागे वळवून काहीतरी बघतोय. काय बघतोय ते फ्रेमच्या बाहेर. पोराची आई महिनाभर स्टंपचा फोटो मागत होती.

हिशोब साधा आहे. तुमच्या बॉडीवर 70 मीटर अंतरावरून 500 ला आडवी फ्रेम धरली तर उंचीत जेमतेम 2.2 मीटर मावतं. पावणेसहा फुटांचा माणूस पुल मारायला बॅट डोक्यावर नेतो तेव्हाच बॅट कापली जाते. 350 ला तेच 3 मीटरच्या वर जातं, आणि बाजूने पावणेपाच मीटर. स्टंप, कीपर, उडालेली बेल सगळं आत. मी आता बॉलरसाठी 400 च्या आसपास आणि बॅट्समनसाठी 350 ठेवतो. विकेट पडली की उलट 200 कडे पळायचं, कारण आता अकराजण एकमेकांच्या अंगावर पडणार असतात. या लेन्सची झूम रिंग फिरवायला बरीच आहे, एका झटक्यात 500 वरून 200 होत नाही, मनगट दोनदा बदलावं लागतं. मोनोपॉड असला की डावा हात त्यासाठी मोकळा मिळतो. मोनोपॉडचा हा फायदा मला वजनाहून मोठा वाटतो.

बॉलर आणि बॅट्समन दोघंही एका फोटोत टोकदार हवेत, हा हट्ट या लेन्सकडे धरू नका. 70 मीटरवर 500 एफ/5.6 ला फोकसमध्ये राहणारी पट्टी साधारण चार-साडेचार मीटरची, आणि पिच 20.12 मीटर. बॉल पडायच्या आधी ठरवा, कोणाचा फोटो काढताय.

बसायचं कुठे? साइटस्क्रीनच्या (बॅट्समनला बॉल नीट दिसावा म्हणून बॉलरच्या मागे लावलेला पडदा) समोर कधीच नाही, अंपायर उठवायच्या आधी बॅट्समन बॅट दाखवतो. उजव्या बॅट्समनची छाती ऑफकडे असते, म्हणून बॉलरच्या टोकाकडून लाँग-ऑफ आणि एक्स्ट्रा कव्हरच्या मध्ये, सूर्य पाठीशी. प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल न्या. खालून घेतलेल्या फोटोत खेळाडू उंच दिसतो आणि मागचा कचरा कमी येतो. मुंबईत हा कचरा म्हणजे दुसरी मॅच. आझाद मैदानात एकाला एक लागून पिचेस, यांचा मिडविकेट त्यांच्या स्लिपला पाठ लावून उभा. तुम्ही बॅट्समनचा सुंदर कव्हर ड्राइव्ह काढता आणि त्याच्या कानातून भलत्याच मॅचचा अंपायर वाइड देत असतो. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा, तेवढ्यानेही फरक पडतो. याच मैदानावर 1988 च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन आणि कांबळीने 664 ची भागीदारी केली. तेव्हा शेजारच्या मॅचमधले फिल्डर कुठे बघत असतील असं मला इथे बसलं की हटकून वाटतं.

दुपारचं एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. साध्या डोळ्याला कळत नाही, 500 मधून मात्र बॅट्समन पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसतो. शटर बरोबर, फोकस बरोबर, तरी फोटो मऊ. मी दोनदा लेन्स सर्व्हिसला नेणार होतो. मग एक दिवस सकाळी साडेआठला त्याच जागेवरून त्याच लेन्सने काढलेला फोटो बघितला, हेल्मेटचा स्क्रू मोजता येत होता. तेव्हा लेन्सची परीक्षा दुपारी घेऊ नका. त्या वेळेत जवळचं काढा: पॅड बांधणारी पोरं, स्कोअररचं टेबल, झाडाखालचे डबे. तशीही डोक्यावरच्या उन्हात कॅपखाली चेहरे काळे येतात.

तुम्ही शेवटी विचारलंय, हीच लेन्स हॉलमधल्या कबड्डीला चालेल का? नाही. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, तुम्ही त्याच्या काठाशी. 200 सुद्धा जास्त होतात. आणि हॉलच्या दिव्यांत एफ/5.6 ला 1/1000 मागितलं तर आयएसओ दहा-बारा हजारांवर जातो. तिथे 85 एफ/1.8 सारखी स्वस्त, हलकी लेन्स हिच्यापेक्षा कितीतरी कामाची.

नेआणीबद्दल थोडं. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला ही लेन्स लटकवू नका, सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर येतो. पट्टा कॉलरच्या पायाला लावा. लोकलमध्ये बॅग पुढे छातीवर, लेन्स 200 वर लॉक करून. कांगा लीगला पावसात जाणार असाल (1948 पासून ओल्या पिचवर बॅट्समनची परीक्षा घेणारी स्पर्धा, एकदा तरी बघा) तर जाड प्लॅस्टिकची पिशवी, हूडपाशी गोल कापून रबरबँडने बसवलेली, पुरते. घरी आल्यावर मात्र भिजलेली बॅग तशीच कपाटात गेली तर बुरशी ठरलेली. लेन्स पंख्याखाली तासभर, मग सिलिका जेलची पाकिटं टाकलेल्या हवाबंद डब्यात. आमच्याकडे तो डबा आधी लाडवांचा होता.

येत्या रविवारी एवढंच करून बघा: 1/1600, 350, आणि बॉलर वळेपर्यंत लेन्स मांडीवर. मोनोपॉड कोणाकडून उसना मिळाला तर उत्तम. त्यावर लावूनही लंचपर्यंत हात भरून आलाच, तर उंची चुकलीय. आयपीस (व्ह्यूफाइंडरची डोळ्याकडची काच) डोळ्याच्या बोटभर वर येईल इतका मोनोपॉड वाढवा आणि त्याचं टोक जरा पुढे टाका.