थंड सिलिंडरचा दाब उतरला म्हणजे गळती असतेच असे नाही

जुन्या चेस्ट फ्रीझरमध्ये दोन केग (बिअर किंवा सोडा दाबाखाली ठेवण्याच्या धातूच्या टाक्या) आणि पाच पौंडी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर बसवल्यावर रात्रीतून रेग्युलेटरचा वरचा, सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा ८५० पीएसआयवरून (पौंड प्रति चौरस इंच) ५५० वर आला आणि गॅसच्या दुकानाने ‘सिलिंडर गळतो, नवा घ्या’ असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. मलाही येथे न्यू जर्सीत एका दुकानात हेच ऐकावे लागले, आणि जो खर्च वाचवण्यासाठी जुना फ्रीझर घेतला होता, तो सारा त्या एका नव्या सिलिंडरवर गेला.

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि जोपर्यंत थोडाही द्रव शिल्लक आहे, तोपर्यंत दाब किती गॅस उरला यावर नव्हे, तर तापमानावर ठरतो. ७० अंश फॅरनहाइटला (सुमारे २१ सेल्सिअस) तो सुमारे ८४० पीएसआय असतो आणि ३८ अंशांना (सुमारे ३ सेल्सिअस) सुमारे ५४०. आपला काटा नेमके हेच दाखवत आहे. गॅस विकणाऱ्यांना एवढे ठाऊक नसावे, हे मला आजही पटत नाही; वजनकाटा समोर असताना त्यांनी माझा सिलिंडर तोलला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आपण घरीच तोला. सिलिंडरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकामे वजन कोरलेले असते. रेग्युलेटर काढून केलेल्या वजनातून ते वजा केले की उरलेला गॅस कळतो. मधे गॅस वापरला नसूनही दोन दिवसांनी पुन्हा तोलल्यावर वजन घटले, तरच गळती शोधावी. ती बहुधा सिलिंडर आणि रेग्युलेटर यांमधल्या वॉशरपाशी किंवा केगच्या झाकणाच्या रबरी रिंगपाशी सापडते, आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे ती दाखवतात. मी गॅसतंत्रज्ञ नाही, त्यामुळे खुद्द सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे दिसले, तर तो स्वतः उघडू नये.

दुकानात जाण्यापूर्वी खांद्यावरची सिलिंडरच्या दाबचाचणीची तारीखही वाचा. ती पाच वर्षांहून जुनी असेल, तर सहसा भरून मिळत नाही. अशा वेळी सिलिंडर बदलून घेणे परवडते. तारीख ताजी असेल, तर मात्र बदलीला नकार देऊन आपलाच भरून मागावा, असे माझे ठाम मत आहे.