पोरीला पेपरात लिहायचंय, कादंबरी लिहायचीये, पण पोट भरंल का?

भाऊ, दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं, सोबत पोरीच्या लेखाचा फोटो पाठवला तोही वाचला. पोरगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, तिला पेपरात सदर लिहायचंय आणि पुढं कादंबरीकार व्हायचंय, तुमचं म्हणणं चार एकर कोरडवाहूवर असले शौक चालत नाहीत, तिनं तलाठी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करावी, आणि यावरून घरात अबोला धरलाय.

पैशाचं आधी बोलून घेऊ, कारण त्यात तुमचं चुकत नाहीये. 300 रुपयांची कादंबरी, 1000 प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी 10 टक्के धरली तर सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्यावर हाती येतात 30000 रुपये. त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात, लिहायला लागली ती वर्षं वेगळीच. एका सोयाबीनच्या हंगामाचं कर्जही त्यात फिटणार नाही. सदराचंही तसंच, जिल्ह्याच्या पेपरात बऱ्याचदा मानधन नावापुरतं, कधी तेही नाही. तालुक्याचा वार्ताहर तर तुम्ही पाहिलाच असेल, 26 जानेवारी अन् 15 ऑगस्टच्या पुरवणीसाठी सरपंचापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत जाहिराती मागत फिरतो, त्याची खरी कमाई त्या कमिशनची.

आता पोरीचं ऐका. सदरलेखक म्हणून कोणी नोकरीला ठेवत नाही, त्याची जाहिरात निघत नाही अन् भरतीही होत नाही. माणूस आधी काहीतरी दुसरं असतो, वार्ताहर, मास्तर, वकील, शेतकरी, आणि त्या कामातलं त्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं म्हणून पेपर त्याला जागा देतो. म्हणून लिहावं की नोकरी करावी हे भांडणच सोडा, कोणत्या कामात राहून लिहायचं एवढंच ठरवायचंय.

अरुण साधूंचं बघा, ते आपल्याच परतवाड्याचे, जन्म 1941 चा. मुंबईत इंग्रजी पेपरांत वार्ताहरकी केली, मंत्रालयातलं राजकारण रोज जवळून पाहिलं आणि त्यातूनच मुंबई दिनांक अन् सिंहासन या कादंबऱ्या आल्या. फ्री प्रेस जर्नलचे संपादक झाले, पुणे विद्यापीठात पत्रकारिता शिकवली, म्हणजे चूल पगारावर चालली अन् कादंबरीला माल त्याच नोकरीनं पुरवला. बारोमासवाले सदानंद देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले, शिकवायची नोकरी सांभाळून शेतकऱ्याच्या घरावर लिहिलं, त्याच कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उलट हिंगणघाटचे उद्धव शेळके, त्यांची 1960 ची धग ही कादंबरी म्हणजे वऱ्हाडी बोलीतलं सोनं, पण लेखणीवरच घर चालवायचं म्हणून नंतर पोटासाठी ढीगभर खपाऊ कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. पोरीनं ही तिसरी वाट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिचा लेख. पहिले तीन परिच्छेद बळीराजा, जगाचा पोशिंदा वगैरे, ते सरळ काढून टाकायचे, तसलं दर पोळ्याला हजारो जण लिहितात. चौथ्यात मात्र कापसाची गाडी खरेदी केंद्रावर उभी आहे, कापसाची प्रत तपासणारा ग्रेडर ओलावा मोजायचं मीटर खुपसतो, 13 टक्के म्हणतो, 12 च्या वर ओलावा घेत नाही म्हणतो, आणि बाप काहीच न बोलता दोरी पुन्हा बांधायला लागतो. बाप्पा, तिथं मी थांबून दुसऱ्यांदा वाचलं. तो बाप तुम्हीच ना? हे तिला कोण्या कॉलेजात शिकवलेलं नाही.

तर बीए पूर्ण होऊ द्या, मध्ये सोडायची नाही. तलाठीची परीक्षा देऊ द्या की, बिघडत नाही, लागली तर फेरफार अन् वाटणीची भांडणं रोज तिच्यासमोर येतील, कादंबरीवाल्याला अजून काय पाहिजे. फक्त एक अडचण आधीच सांगून ठेवतो, सरकारी नोकरीत 1979 चे वर्तणूक नियम लागतात, कथा-कादंबरी चालते पण सरकारच्या धोरणावर टीका करणारं सदर चालत नाही. तिला राजकारणावरच लिहायचं असेल तर मग पत्रकारितेकडं जाऊ द्या, त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवायलाच पाहिजे असं नाही, अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा तिथं आहे, प्रवेशाचे नियम अन् फी त्या वर्षीची बघून घ्या. पोलीस भरतीचं मात्र डोक्यातून काढा, तिच्या मनात नाही अन् पळायची तयारी मनाविरुद्ध होत नसते.

पुढं कधी पुस्तक तयार झालं आणि छापायला तुमच्याकडंच पैसे मागणारा प्रकाशक भेटला तर एक रुपया देऊ नका. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, आधी तिथं हस्तलिखित पाठवा.

आत्ता एवढंच करा, तो चौथा परिच्छेद सुरुवातीला घेऊन लेख 600 शब्दांत पुन्हा लिहायला सांगा, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाईप होतं तसं, टाईप करून नागपूर नाहीतर अकोल्याच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीला मेल करू द्या, खाली पूर्ण नाव, गाव, फोन. एकाच वेळी दोन पेपरला नाही हं, संपादक चिडतात. महिनाभर उत्तर नाही आलं तर दुसरीकडं पाठवा, आणि तोवर पुढचा लेख लिहून झालेला पाहिजे, कारण सदर मिळालं की दर आठवड्याला ठरल्या वारी द्यावं लागतं, घरी सोंगणी असो की लग्न.