'मुक्तस्रोत फोन': विशेषण नेमके कशाचे?

खासगीपणा जपणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या एका फोनच्या माहितीपत्रकात वर 'संपूर्ण मुक्तस्रोत फोन' आणि खाली बारीक अक्षरांत 'मुक्तस्रोत अँड्रॉइडवर आधारित' असे छापलेले आहे. या दोहोंचा अर्थ एकच होतो का, आणि 'मुक्त' म्हणावे की 'खुला', असे एका वाचकांनी विचारले आहे.

अर्थ एक नाही, आणि त्याचे कारण समासातच आहे. 'मुक्तस्रोत' हा बहुव्रीही समास आहे: मुक्त आहे स्रोत, म्हणजे आज्ञावलीचा (सॉफ्टवेअरचा) मूळ लिखित संकेत (सोर्स कोड), ज्याचा, ते. बहुव्रीहीचा अर्थ त्याच्या दोन पदांवर थांबत नाही, तो पुढच्या नामाला जाऊन चिकटतो; त्यामुळे ते नाम जेवढे व्यापक, तेवढा दावाही व्यापक होतो. 'मुक्तस्रोत फोन' म्हटले की फोनमध्ये चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीचा स्रोत मुक्त आहे असे विधान होते. प्रत्यक्षात नेटवर्कशी जोडणाऱ्या मॉडेमची फर्मवेअर, म्हणजे त्या भागातच बसवलेली आज्ञावली, जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये बंदिस्त असते, आणि खासगीपणाच्या दृष्टीने नेमका तोच भाग नाजूक आहे. तेव्हा 'संपूर्ण' हा शब्द मला चुकीचाच नव्हे, तर दिशाभूल करणारा वाटतो.

'आधारित' हा शब्द त्याहून फसवा आहे. कादंबरीवर आधारित चित्रपट म्हणजे ती कादंबरी नव्हे. अँड्रॉइडच्या मूळ प्रकल्पाचा बराचसा भाग अपाची २.० परवान्याखाली असून, त्यात बदल करून ते बदल बंद ठेवण्याची मुभा तो परवाना देतो. त्याच फोनमधील लिनक्स कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, मात्र जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे, आणि कर्नल वितरित करणाऱ्याला त्याचा स्रोत देणे बंधनकारक आहे. म्हणून एखाद्या कंपनीने केवळ कर्नलचा स्रोत प्रसिद्ध करून सगळी प्रणाली मुक्तस्रोत असल्याचे सांगितले, तर तिने परवान्याचे बंधन तेवढे पाळलेले असते. स्वतः घातलेली भर ती झाकूनच ठेवते.

आता 'मुक्त' की 'खुला'. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासूनच्या 'फ्री सॉफ्टवेअर'मधील 'फ्री' या शब्दात स्वातंत्र्य आणि फुकटपणा यांची गल्लत होत असे, म्हणून १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' ही संज्ञा सुचवली. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द आधीच वेगळे असल्याने ती अडचण आपल्याला नाही. शब्दशः पाहिले तर 'खुला स्रोत' मुळाच्या जवळ आहे, तरीही मी 'मुक्तस्रोत'च्या बाजूने आहे, कारण 'खुला' म्हणताच केवळ पाहता येण्याचा अर्थ मनात येतो. 'ओपन सोर्स'ची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येतील १० निकषांत मात्र बदल करण्याची आणि पुन्हा वितरणाची मुभा आहे, आणि वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. स्रोत दाखवून 'व्यावसायिक वापर करू नये' अशी अट घालणाऱ्या प्रणालीला 'स्रोत पाहण्यास उपलब्ध' एवढेच म्हणावे.

त्या माहितीपत्रकातील वाक्य मी असे लिहीन: 'कार्यप्रणालीच्या अमुक भागांचा स्रोत अमुक परवान्याखाली मुक्त आहे, मॉडेमची फर्मवेअर बंदिस्त आहे.' आणि लिहिताना 'स्रोत' असेच लिहावे. हा शब्द 'स्रु' म्हणजे वाहणे या धातूपासून आलेला आहे, त्यामुळे 'स्त्रोत'मधला 'त' अनाठायी आहे.