पोलिओवरचं संशोधन, अमेरिकेची पोस्टडॉक आणि तुझा प्रश्न

तू विचारलं आहेस : "ताई, मी मुंबईत पोलिओ आणि त्याच्या कुळातल्या इतर विषाणूंवर (एन्टेरोव्हायरसवर) काम करते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, ऑफर आहे, संशोधकांच्या जे-१ व्हिसावर. नवरा आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर येतील. जावं का? आणि पोलिओच संपत आला असेल तर त्यावर करिअर होतं का?" मीही परळहूनच इथे आले, २०२१ मध्ये. तुझा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

व्हिसाचे फॉर्म, फी, मुलाखत, विमा हे सगळं विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस तुला व्यवस्थित कळवेल. ते इथे लिहीत नाही.

आधी कामाचं. तू आज जे करतेस त्याची किंमत तुला तिथे बसून कळत नसेल. लुळेपणाची तक्रार असलेलं पंधरा वर्षांखालचं मूल, पहिल्या १४ दिवसांत किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले शौचाचे दोन नमुने, बर्फाचा डबा, आणि त्याबरोबर आलेला फॉर्म. वय एक वर्ष चार महिने, डावा पाय, ताप होता, डोस किती घेतले, जिल्हा कुठला. मग क्लोरोफॉर्म, काचेचे मणी, सेंट्रिफ्यूज आणि वरचं पाणी दोन प्रकारच्या पेशींवर. एल२०बी म्हणजे उंदराच्या पेशी, ज्यांच्यावर माणसातला पोलिओचा रिसेप्टर बसवला आहे, त्यामुळे त्यात मुख्यतः पोलिओच वाढतो. आरडी म्हणजे माणसाच्या पेशी, त्यात इतरही एन्टेरोव्हायरस वाढतात. रोज सकाळी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि पेशी गोल होऊन सुटायला लागल्या आहेत का, म्हणजे विषाणू वाढतो आहे का, ते पाहायचं. १३ जानेवारी २०११ ला हावड्याच्या मुलीला लकवा झाला, ती भारतातली जंगली पोलिओची, म्हणजे लशीतल्या नव्हे तर निसर्गातल्या विषाणूची, शेवटची केस. पण ती शेवटची आहे हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर एल२०बीमध्ये काही वाढलं तरी ते पुढच्या तपासणीत थेंबांच्या लशीतल्या दुबळ्या विषाणूचंच निघायचं. तसा प्रत्येक रिपोर्ट सही करून पाठवताना छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. २७ मार्च २०१४ ला आपल्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी मी तिथे होते. माझ्या आयुष्यात कामाचा एवढा आनंद पुन्हा आलेला नाही, हे तुला सांगून टाकते.

इथे विषाणू ट्यूबमध्ये असतो आणि त्याच्यामागे मूल नसतं. आमची प्रयोगशाळा मुख्यतः रेप्लिकॉनवर काम करते. कवचाचे जनुक काढून टाकलेला, म्हणजे पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो पण पुढच्या पेशीला लागण करू शकत नाही असा. फार सुंदर विज्ञान आहे. पोलिओचा जीनोम म्हणजे सुमारे साडेसात हजार अक्षरांचा आरएनए, एकच लांब प्रथिन बनवतो आणि मग ते स्वतःच कापून घेतो. १९८१ मध्ये याच देशात रॅकॅनिएलो आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं की पोलिओच्या जीनोमची डीएनए प्रत पेशीत घातली तरी जिवंत विषाणू तयार होतो. २००२ मध्ये स्टोनी ब्रूकला विमर यांच्या गटाने नुसत्या माहीत असलेल्या क्रमावरून तो बांधून दाखवला. हे वाचतच आपण मोठे झालो, म्हणून यावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं आणि त्यात काही चूक नाही. पण इथे पहिले काही महिने मी संध्याकाळी लॅबमधून निघताना काहीतरी विसरल्यासारखी थांबायचे. मग लक्षात यायचं की आज कुणाचाच रिपोर्ट द्यायचा नव्हता.

पोलिओवर करिअर होतं का? नुसत्या पोलिओवर आता अवघड आहे, आणि कारण तुला माहीत आहेच. पोलिओच्या तीन प्रकारांपैकी प्रकार २ चा जंगली विषाणू शेवटचा दिसला तो आपल्याकडे, अलीगढला १९९९ मध्ये. २०१५ मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं, २०१९ मध्ये प्रकार ३ चं झालं. त्यामुळे प्रयोगशाळांनी साठा नष्ट करायचा, नाहीतर कडक कंटेनमेंटचं, म्हणजे विषाणू बाहेर पडू न देण्याच्या व्यवस्थेचं, प्रमाणपत्र घ्यायचं. हा खर्च झेपत नाही म्हणून अनेक चांगल्या लॅबनी फ्रीझर रिकामे केले. पुढे प्रकार १ चंही तेच होणार. तेव्हा ऑफर स्वीकारायच्या आधी प्रोफेसरना स्पष्ट विचार : तुमच्याकडे आत्ता कुठला विषाणू आहे, तीन वर्षांनी तो ठेवता येणार आहे का, आणि माझा पगार ज्या ग्रँटमधून येणार ती कधी संपते? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. विचारच. २०२५ मध्ये इथे चालू ग्रँटसुद्धा मध्येच बंद झालेल्या आहेत.

आणि पोलिओच्या भावंडांकडे आधीपासून लक्ष ठेव. एन्टेरोव्हायरस डी६८ ने इथे २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये मुलांचे हातपाय लुळे पाडले. त्या मुलांची वर्णनं मी वाचली तेव्हा तो आपलाच फॉर्म वाटला. ताप, मग एक हात उचलत नाही, रिफ्लेक्स नाहीत. एन्टेरोव्हायरस ए७१ या दुसऱ्या भावंडावरही काम आहे. आरडी फ्लास्कमध्ये वाढणारे आणि एल२०बीमध्ये न वाढणारे जे सगळे आपण 'नॉन-पोलिओ' म्हणून बाजूला ठेवायचो, तिथेच पुढचं काम आहे. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की आपल्या मुलांमध्ये तोंडावाटेच्या लशीचे नेहमीचे डोस पुरत नाहीत. आतड्यातले हे इतर एन्टेरोव्हायरस हे त्याचं एक कारण मानलं जातं. इथे सेमिनारमध्ये कुणी विचारतं, भारतात मुलांना एवढे डोस का लागले? त्याचं उत्तर तू स्वतःच्या फ्लास्कमधून देऊ शकतेस. ते देताना दबून बोलू नकोस.

२०२२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला लशीतल्या विषाणूत बदल होत उद्भवलेल्या प्रकार २ ने लकवा झाला. ज्या देशात १९७९ नंतर जंगली पोलिओचा स्थानिक प्रसार नाही तिथे सगळे हडबडले. कोविडसाठी साठवलेले सांडपाण्याचे नमुने काढून तपासायला लागले. आमच्या मजल्यावरचे लोक माझ्याकडे आले : तुम्ही मुंबईत हे कसं करता? मुंबईत २००१ पासून गटारातला पोलिओ शोधतात. नमुना कुठून घ्यायचा, भरती-ओहोटीचा काय परिणाम होतो, लशीच्या विषाणूतून नको तो कसा वेगळा काढायचा हे मी फळ्यावर काढून दाखवलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला मी तिथे काय करत होते ते विचारलं. घरी येऊन मी खूप रडले आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं.

आता कागदपत्रं. आपला विषय 'विषाणू' म्हटलं की व्हिसाच्या खिडकीवर पासपोर्टऐवजी चिठ्ठी हातात मिळू शकते. बायोडेटा, प्रकाशनांची यादी, तिकडे नेमकं काय करणार ते लिहून द्या, आणि मग वाट बघा. त्या काळात ना इकडची नोकरी चालू, ना तिकडची सुरू. घर सोडल्याची नोटीस चिठ्ठी हातात आल्यावर देऊ नकोस, पासपोर्ट हातात आल्यावर दे.

अमेरिकेच्या एका यादीत ज्यांच्या देशाचं नाव असे त्या जे-१ वाल्यांना, म्हणजे आपल्यालाही, दोन वर्षं मायदेशी परत राहण्याची अट होती. ती सोडवायला भारताकडून 'परत येण्याचं बंधन नाही' असं नोरीचं प्रमाणपत्र लागायचं. राज्याचं एक खातं, केंद्राचं एक खातं, पासपोर्टवाले, प्रत्येकाची वेगळी ना-हरकत. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा प्लास्टिकच्या फाइलमध्ये माझ्या डिग्र्यांच्या झेरॉक्स घेऊन फिरले. एका टेबलावर त्यांना विचारलं, "मुलगी परत येणारच नाही असं लिहून मागताय ना?" बाबा म्हणाले, "हो." त्यांनी ते मला फोनवर हसत सांगितलं. मला अजून त्या 'हो'चं काय करायचं ते कळलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ती यादीच बदलली आणि भारताचं नाव निघालं, तेव्हा आमची फाइल अजून कुठेतरी पडूनच होती. तुला सरकारी शिष्यवृत्ती नसेल तर बहुधा हा त्रास होणार नाही. ऑफिसकडून लेखी घे.

तुझ्या मुलाच्या शाळेबद्दल ऐक, कारण इथे माझा राग अजून गेलेला नाही. शाळेत नाव घालताना एक फॉर्म येतो, घरी कुठली भाषा बोलता? आम्ही 'मराठी' लिहिलं. मग इंग्रजीची परीक्षा झाली. अनोळखी बाईंसमोर माझी पाच वर्षांची मुलगी गप्प बसली आणि तिला 'इंग्रजी शिकणारी' ठरवून रोज वर्गातून उठवून न्यायला लागले. तेही विज्ञानाच्या तासाला. तिला इंग्रजी येत होतं. मी शाळेत जाऊन बोलले, पत्रं लिहिली. गोड बोलून मला परत पाठवायचे. मैत्रिणी सांगतात की 'इंग्रजी' लिहून मोकळं व्हायचं. नवराही आता तेच म्हणतो. मी तरीही मराठीच लिहीन. पण त्या वर्षानंतर मुलगी शाळेच्या दारात माझ्याशी मराठी बोलेनाशी झाली, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एकटेपणाचं विचारलं नाहीस, पण विचारशील. तुझं काय ते होईल. लॅब असते, दिवस भरलेला असतो, सांभाळशील. नवऱ्याचा विचार कर. माझा नवरा ठाण्याला कॉलेजात शिकवायचा. जे-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना वेगळा मागावा लागतो आणि त्याला महिने लागतात. तोवर तो मुलीला शाळेत सोडायचा, स्वयंपाक करायचा, आणि संध्याकाळी मला विचारायचा, "आज काय वाढलं फ्लास्कमध्ये?" एकदाही तक्रार केली नाही, म्हणून मला ते जास्त जड जातं. तुमच्या दोघांत हे बोलणं निघायच्या आधी होऊ दे, त्याच्या नोकरीचा राजीनामा देण्याच्या आधी.

जावं का, तर जा, असंच म्हणेन. डी६८ किंवा ए७१ वर काम मिळत असेल तर नक्की. आणि एक लगेच करण्यासारखं : मुलाचं लसीकरणाचं कार्ड, प्रत्येक डोसच्या तारखेसह, मूळ प्रत हातातल्या बॅगेत. एप्रिल २०१६ पासून आपले थेंब फक्त प्रकार १ आणि ३ चे आहेत, म्हणून इथे ते पोलिओच्या डोसमध्ये धरत नाहीत. पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी करंगळीवर शाई लावून घेतलेल्या माझ्या मुलीला शाळेच्या नर्सने सांगितलं की हे थेंब चालणार नाहीत. वाईट वाटलं, पण शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. तिकडेच बालरोगतज्ज्ञांना गाठून इंजेक्शनचे पूर्ण डोस किती झालेत ते पाहा, उरलेले निघण्याआधी सुरू करून घे. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं.