“नुसती साफसफाई करून घेतात, काढून घेऊ का तिला?”

“मॅडम, नऊ दिवस झाले, पोरीच्या हातात झाडूच आहे. यासाठी मशिनिस्टचा कोर्स केला का तिने? काढून घेऊ का?” एका वडिलांचा फोन. विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला रुजू झाले की दुसऱ्या आठवड्यात असे फोन मला येतातच; मुलांना प्रशिक्षणाची जागा मिळवून द्यायचं काम माझं.

ही जागा मिळायलाच दीड महिना गेला होता. अकरा कारखान्यांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. अर्जात ‘मेहनती, शिकण्याची आवड’ एवढंच. त्यावरून कोण काय ओळखणार? मग तिने स्वतः बनवलेले तीन जॉब (मशीनवर घडवलेले धातूचे भाग), त्यांचे फोटो आणि मापं एका कागदावर उतरवली आणि ती समक्ष जाऊ लागली. तिसऱ्या ठिकाणी होकार आला. त्यामुळे वडिलांना मी एवढंच म्हटलं, “दोन दिवस थांबा, आधी तिच्याशी बोलू द्या.”

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिची रोजच्या कामाची वही मागितली. मुलं तोंडाने सांगत नाहीत ते बऱ्याचदा वहीत सापडतं. शेवटचे पाच दिवस एकच वाक्य: ‘मशीन व परिसर साफ केला.’ पण पहिल्या तीन दिवसांत लेथवरच्या (धातू फिरवत ठेवून कापायची मशीन) ऑपरेटरसोबत उभं राहून काय काय पाहिलं, ते बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि चौथ्या दिवसाची ओळ खोडलेली, पेन इतक्या जोराने फिरवलेलं की कागद फाटायला आला होता.

“चौथ्या दिवशी काय झालं?”

बराच वेळ ती गप्प. मग सांगितलं. तिला मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनाने, एक शाफ्ट (गोल दांडा) मोजायला दिला होता. तिने २४.४८ मिलिमीटर वाचलं. माप अर्ध्या मिलिमीटरने कमी म्हणून ऑपरेटरने मशीन थांबवली, सुपरवायझर धावत आले, पुन्हा मोजलं तर २४.९८. जॉब अगदी बरोबर होता. “एवढंही येत नाही का?” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून तिने कुणाला काही विचारलं नाही, आणि कुणी तिला काही दिलं नाही. घरी मात्र तिने सांगितलं, पहिल्या दिवसापासून झाडूच आहे.

ती खोटं बोलली असं मला वाटत नाही. लाजेपेक्षा तक्रार सांगायला सोपी असते, आणि सतरा-अठराव्या वर्षी तर फारच.

कागदावर मी मायक्रोमीटर काढायला सांगितला. थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, ५० भाग, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर. म्हणजे पूर्ण मिलिमीटरला दोन फेरे, आणि स्लीव्हवरची (आतल्या स्थिर नळीवरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडलीय का ते पाहिलं नाही की वाचन नेमकं ०.५० ने चुकतं. काढता काढता तीच थांबली. “मॅडम, मी ती रेघ पाहिलीच नाही.” नवशिक्यांच्या हातून ही चूक बऱ्याचदा होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन विचारपूस करायला हवी होती, ती मीही केली नव्हती. जागा मिळाली की आपलं काम संपलं असं मी धरून चालले होते, ही चूक माझी.

मग सुपरवायझरना काय सांगायचं ते आम्ही तीन-चारदा बोलून पाहिलं. पहिल्यांदा ती माफीच मागत राहिली. शेवटी वाक्य असं ठरलं: “सर, त्या दिवशी अर्ध्याची रेघ माझ्या नजरेतून सुटली. आज पाच जॉब मोजून देऊ का? तुम्ही तपासा.”

दोन दिवसांनी तिच्या शिक्षकांसह मी तिथे गेले. सुपरवायझर म्हणाले, “ती बोलतच नव्हती. मला वाटलं, तिला रसच नाही.” कोणत्या आठवड्यात कोणतं काम, हे एका पानावर लिहून तिघांनी सह्या केल्या. कापताना निघणारा धातूचा कीस हाताने उचलायचा नाही, हूक आणि ब्रश वापरायचा. फिरत्या मशीनपाशी हातमोजे घालायचे नाहीत, हेही त्यात आलं. साफसफाई राहिली, पण पाळीच्या शेवटी, सगळ्यांसोबत.

वडिलांना मी सांगितलं: तो कागद जवळ ठेवा. दोन आठवडे त्याप्रमाणे काम मिळालं नाही, तर मुलीला गप्प बसवू नका, आम्हाला कळवा. गरज पडली तर दुसरी जागा आपण शोधू. आणि डोळ्यांना संरक्षण न देता किंवा गार्ड (संरक्षक झाकण) काढलेल्या मशीनवर उभं केलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

पुढच्या भेटीत तिने वही आपणहून पुढे केली. सोळाव्या दिवशी लिहिलं होतं: ‘सात जॉब मोजले. एका मापात अडले, सरांना विचारलं.’